तालीमखाना : पेऱ्यावरून ओळखायची वनस्पती

तालीमखाना ऊर्फ कोळसुंदा ही अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातली देशी रानवनस्पती. ओल धरणारी जमीन हे तिचे घर. हायग्रोफिला या तिच्या प्रजातिनामाचा अर्थच मुळी ‘ओलाव्याची आवड असलेली’ असा आहे. तिच्या ओळखीविषयी एक विद्यार्थिनी आणि वनस्पतिशास्त्राचे शिक्षक यांच्यातला हा संवाद.

विद्यार्थिनी : सर, तळ्याच्या कडेला जांभळं फूल दिसलं की तो तालीमखाना समजायचा का?

शिक्षक : रंगावर गेलं की फसगत ठरलेली. जलपर्णी जांभळी, बेशरमही जांभळट गुलाबी, आणि दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. जलपर्णीच्या वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो, तालीमखान्याच्या खालच्या ओठावरही पिवळसर छटा असते. म्हणून फुलाआधी पेरं पाहायचं.

विद्यार्थिनी : उसाला असतं तसं?

शिक्षक : तसंच. खोड चौकोनी, केसाळ, पेऱ्याशी फुगलेलं. प्रत्येक पेऱ्याभोवती लांबट पानांचा घेर. त्यातली बाहेरची दोन मोठी, आतली लहान. पानांच्या बगलेत पिवळसर, सरळ, टोकदार काटे, साधारण सहा. फुलंही तिथेच, पेऱ्याला बिलगून. शेंड्यावर तुरा दिसला तर झाड दुसरं. पूर्वीच्या पुस्तकांत या वनस्पतीचं नाव ॲस्टराकँथा, म्हणजे ‘काट्यांची चांदणी’ असं आहे. मला तरी जुनंच नाव जास्त बोलकं वाटतं.

विद्यार्थिनी : पण काटे आणि पेऱ्याशी फुलं कोरांटीलाही असतात ना?

शिक्षक : असतात, पण काटेकोरांटीचं फूल पिवळं आणि तिची वस्ती कोरड्या माळावर. तालीमखान्याचं फूल दोन ओठांचं : वरचा ओठ दोन पाळ्यांचा, खालचा तीन पाळ्यांचा, त्यावर उभ्या वळ्या. पुंकेसर चार, दोन लांब, दोन आखूड.

विद्यार्थिनी : मग नेमकं शोधायचं कुठे?

शिक्षक : जिथे पावसाळ्यात पाणी साचतं आणि नंतर हळूहळू ओसरतं, तिथे. खोल पाणी त्याला नको, कायम कोरडी जमीनही नको. पैठणला गोदावरीवर १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं. त्याच्या नाथसागराचा फुगवटा उथळ आहे. पाणी मागे सरकलं की गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. शेतकरी तिथे गाळपेर करतात. पेरलेल्या वाफ्यात हे काटेरी झाड कोण ठेवणार? ते बांधाच्या, चराच्या कडेला उरतं. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळच्या सलीम अली सरोवरासारख्या शहरी तळ्यांनाही मातीचा उतरता काठ हवा. काठाला उभी भिंत घातली की पाणी राहतं, पण ही मधली ओली पट्टी जाते.

विद्यार्थिनी : ती गेली तर एका काटेरी झाडापलीकडे काय बिघडतं?

शिक्षक : मयूर भिरभिरी नावाचं नारिंगी फुलपाखरू यावर अंडी घालतं. त्याच्या अळ्या हीच पानं खातात.

विद्यार्थिनी : आणि दुकानातला मखाना याचाच का?

शिक्षक : नाही. तो बिहारच्या तळ्यांतल्या, कुमुदिनीच्या कुळातल्या काटेरी पाणवनस्पतीचा. नावाच्या सारखेपणाने घोटाळा होतो. तालीमखान्याच्या बोंडात फार तर आठ चपट्या बिया असतात. पाण्यात टाकल्या की सब्ज्यासारख्या बुळबुळीत होतात. आयुर्वेदात ही वनस्पती कोकिलाक्ष नावाने येते. पण ओळख पटली म्हणून बिया तोंडात टाकायच्या नाहीत.

विद्यार्थिनी : शंका राहिलीच तर?

शिक्षक : पेऱ्याचा आणि फुलाचा जवळून फोटो घ्यायचा, जागा नोंदवायची आणि व्ही. एन. नाईक यांच्या १९९८ च्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’तल्या वर्णनाशी ताडून पाहायचं. ऑक्टोबरपासून हिवाळाभर फुलं सापडतात.

विद्यार्थिनी : उन्हाळ्यात गेलं तर?

शिक्षक : वाळलेले दांडे उभे असतात. फूल नाही, पान नाही, पण काटे पेऱ्यापेऱ्यावर तसेच. तेवढ्यावरूनही ओळख पटते. फक्त पायात चप्पल हवी.