अपुऱ्या दिवसांची बाळे : देशोदेशींचे संशोधन आणि गावातील नोंद

'नऊ महिने नऊ दिवस' ही गर्भवासाची मोजणी मराठी घराघरांत रूढ आहे. वैद्यकशास्त्राची मोजणी तिच्याहून फारशी निराळी नाही. शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, हा पूर्ण गर्भकाल मानला जातो. ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजले जाते. ३२ आठवड्यांच्या आतील मूल अधिक नाजूक असते व २८ आठवड्यांच्या आतील मूल तर अत्यंत नाजूक असते.

जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अपुऱ्या दिवसांची जन्मली. दर दहा जन्मांमागे एक, असे हे प्रमाण आहे. त्यांपैकी सुमारे ३० लाख बालके एकट्या भारतातील होती आणि कोणत्याही एका देशातील ही सर्वांत मोठी संख्या होय. २०१९ साली अकाली जन्मातून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीमुळे जगभरात सुमारे ९ लाख बालके दगावली. जी वाचतात त्यांच्यापैकी काहींना दृष्टी, श्रवण किंवा आकलनशक्ती यांतील उणिवांना जन्मभर तोंड द्यावे लागते.

या प्रश्नावर गेली पन्नासहून अधिक वर्षे अनेक देशांतील संशोधक काम करीत आहेत. त्यातून काही उपाय हाती आले, काही फसले. मात्र या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली. ती म्हणजे गर्भ किती आठवड्यांचा आहे हे नक्की ठाऊक असल्याशिवाय चांगल्यातला चांगला उपायही निर्धोक ठरत नाही. हे संशोधन आणि आपल्या गावातील गरोदर मातांची नोंदवही यांचा निकटचा संबंध आहे तो या कारणाने.

अनेक देशांनी एकत्र का यावे?

अकाली प्रसूती हा एकच एक आजार नव्हे. जुळी गर्भधारणा, मूत्रमार्गाचा किंवा गर्भाशयाचा जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, तंबाखूचे सेवन अशी तिची कारणे अनेक आहेत. कित्येक प्रसूतींत तर कोणतेच कारण सापडत नाही. अशा प्रश्नाचा उलगडा एका रुग्णालयातील शे-दोनशे मातांच्या पाहणीतून होणे कठीण असते. त्यासाठी हजारो मातांची नोंद, तीही एकाच पद्धतीने केलेली, आवश्यक असते.

दुसरे कारण असे की, एका समाजात आढळलेली गोष्ट दुसऱ्या समाजाला जशीच्या तशी लागू पडेल याची शाश्वती नसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या आनुवंशिक माहितीची छाननी करण्यात आली आणि गर्भकालाच्या लांबीशी संबंध असलेली काही जनुके ओळखता आली. परंतु त्या सर्व स्त्रिया युरोपीय वंशाच्या होत्या. भारतीय स्त्रियांविषयीचे ज्ञान भारतातच मिळवावे लागेल, या जाणिवेतून केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने 'गर्भिणी' हा प्रकल्प उभा राहिला. फरीदाबाद येथील संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१५ सालापासून गुरुग्रामच्या शासकीय रुग्णालयात गरोदर स्त्रियांची सुरुवातीच्या आठवड्यांपासून पाहणी करण्यात येऊ लागली.

ऑकलंडची कोकरे

या क्षेत्रातील पहिला मोठा शोध न्यूझीलंडमध्ये लागला. १९६० च्या दशकात ऑकलंड येथील डॉ. लिगिन्स हे प्रसूतीच्या कळा कशामुळे सुरू होतात, याचा अभ्यास मेंढ्यांवर करीत होते. गर्भातील कोकरांना त्यांनी कॉर्टिसोल या वर्गातील संप्रेरके दिली. ती कोकरे वेळेआधी जन्मली. इतक्या लवकर जन्मलेले कोकरू श्वास घेऊ शकणार नाही, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांच्या फुफ्फुसांत हवा शिरलेली आढळली. औषधाने फुफ्फुसे वेळेआधी पक्व केली होती.

याचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. फुफ्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्या श्वास सोडल्यावर एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतून एक स्निग्ध पदार्थ पाझरत असतो. हा पदार्थ गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांतच पुरेसा तयार होतो. अपुऱ्या दिवसांचे मूल धापा टाकते ते या पदार्थाच्या अभावी. मातेला स्टेरॉइड वर्गातील इंजेक्शन दिल्यास ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि हा पदार्थ लवकर तयार होऊ लागतो.

डॉ. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. हॉवी यांनी हा उपाय मातांवर करून पाहिला. २८२ मातांच्या या चाचणीचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या मातांच्या बालकांत श्वसनाचा विकार आणि मृत्यू या दोहोंचे प्रमाण स्पष्टपणे घटले होते. तरीही हा उपाय सर्वत्र रुळण्यास वीस वर्षांहून अधिक काळ गेला. निरनिराळ्या देशांतील चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले गेले तेव्हाच शंका फिटली आणि १९९४ साली अमेरिकेतील तज्ज्ञ परिषदेने त्याची शिफारस केली.

नागपूर आणि बेळगावसह सहा देश

श्रीमंत देशांच्या सुसज्ज रुग्णालयांत सिद्ध झालेला हा स्वस्त उपाय गरीब देशांतील खेड्यापर्यंत न्यावा, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय बाल आरोग्य संस्थेच्या साह्याने २००१ पासून चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्याने हे काम हाती घेतले. भारतातील नागपूर व बेळगाव ही दोन केंद्रे, तसेच अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया अशा सहा देशांत ही चाचणी झाली. सुमारे एक लाख जन्मांची नोंद तीत घेण्यात आली.

काही भागांतील आरोग्य कर्मचाऱ्यांना अकाली प्रसूतीची लक्षणे ओळखण्याचे, इंजेक्शन देण्याचे आणि मातेला मोठ्या रुग्णालयात पाठविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. इतर भागांत नेहमीची सेवा चालू राहिली. ज्या मातांना पाळीची तारीख सांगता येत नसे, त्यांच्या गर्भाचे वय पोटाची उंची रंगीत मापपट्टीने मोजून अंदाजाने ठरविले जाई.

२०१४ साली हाती आलेले निष्कर्ष सर्वांना अंतर्मुख करणारे होते. अतिशय कमी वजनाच्या बालकांच्या मृत्यूत अपेक्षित घट झाली नाही. उलट प्रशिक्षण दिलेल्या भागांत एकूण नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी २७.४ भरले, इतर भागांत ते २३.९ होते. मातांमधील जंतुसंसर्गाच्या तक्रारीही वाढल्या. औषध मिळालेल्या कित्येक मातांची प्रसूती पुढे पूर्ण दिवसांनी झाली, म्हणजे ज्यांना गरज नव्हती अशा अनेक गर्भांपर्यंत ते पोहोचले. शिवाय लवकर जन्मलेल्या मुलाला जगविण्यासाठी लागणारी ऊब, प्राणवायू आणि शुश्रूषा अनेक ठिकाणी उपलब्ध नव्हती.

हे निष्कर्ष दडवून न ठेवता जगापुढे मांडण्यात आले, हे या सहकार्याचे मोठे यश होय. तसे झाले नसते, तर चांगल्या हेतूने सुरू झालेल्या कार्यक्रमातून हानी होत राहिली असती.

तेच औषध, निराळी व्यवस्था

यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने नवी चाचणी आखली. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया व पाकिस्तान या पाच देशांतील २९ रुग्णालयांत ती झाली. या वेळी गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केलेल्या आणि २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या मातांनाच औषध देण्यात आले. नवजात बालकांची काळजी घेण्याची सोय त्या रुग्णालयांत होती.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध मिळालेल्या गटातील १९.६ टक्के नवजात बालके दगावली, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण २३.५ टक्के होते. मातांमधील जंतुसंसर्ग वाढला नाही. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. औषधाचा वर्ग तोच होता. फरक होता तो गर्भकालाच्या अचूक माहितीचा आणि रुग्णालयातील शुश्रूषेचा.

आईच्या उबेचे सामर्थ्य

सर्वच ज्ञान श्रीमंत देशांकडून आलेले नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील रुग्णालयात १९७८ च्या सुमारास उबदार पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेथील डॉ. रे आणि डॉ. मार्टिनेझ यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू आपल्या पिलाला पोटाशी बाळगते, त्यावरून या पद्धतीला 'कांगारू माता संगोपन' असे नाव पडले.

पूर्वी बाळाची प्रकृती स्थिरावल्यावरच या पद्धतीचा अवलंब होई. जन्मानंतर लगेच ती सुरू केल्यास काय होते, हे घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत एकत्रितपणे तपासण्यात आले. एक किलो ते १ किलो ८०० ग्रॅमपर्यंत वजनाच्या तीन हजारांहून अधिक बालकांच्या या अभ्यासात, लगेच आईच्या उबेत ठेवलेल्या बालकांपैकी १२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी १५.७ टक्के दगावली. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी त्यानुसार बदलल्या. सहाही खंडांना उपयोगी पडेल असा हा उपाय साधनांच्या टंचाईतून जन्मला, हे विशेष.

प्रतिबंधाची वाट

जन्मलेल्या बाळाला वाचविण्याइतकेच अकाली जन्म टाळणेही महत्त्वाचे आहे. या दिशेने एक आश्वासक पाऊल २०२० साली पडले. नागपूर व बेळगाव ही केंद्रे याही चाचणीत सहभागी होती. सहा देशांतील, पहिलटकरीण असलेल्या सुमारे १२ हजार मातांपैकी निम्म्यांना गरोदरपणाच्या ६ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान ॲस्पिरिनची अल्प मात्रा रोज सुरू करण्यात आली. त्यांच्यात अकाली प्रसूतीचे प्रमाण ११.६ टक्के, तर इतरांत १३.१ टक्के आढळले. हे औषध कोणाला द्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. आपल्या मनाने ते घेणे धोक्याचे आहे.

दुसरा उपाय मात्र पूर्णपणे कुटुंबाच्या हाती आहे. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्री लावणाऱ्या किंवा अन्य प्रकारे तंबाखूचे सेवन करणाऱ्या मातांची बालके सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सहा दिवस लवकर जन्मल्याचे त्यात दिसून आले. मिश्री म्हणजे केवळ दात घासण्याचे साधन, असा समज अजूनही आढळतो. तो दूर करण्याचे कार्य शिक्षक आणि महिला मंडळे उत्तम प्रकारे करू शकतात.

एका तारखेचे मोल

अचूक गर्भकालाचा पाया घरातच घातला जातो. समजा, एखाद्या मातेच्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १० जानेवारी आहे. त्यात नऊ महिने व सात दिवस मिळविले असता प्रसूतीची अपेक्षित तारीख १७ ऑक्टोबर येते. लीप वर्ष नसल्यास तिचे ३४ आठवडे ५ सप्टेंबरला आणि ३७ आठवडे २६ सप्टेंबरला पूर्ण होतात. ऑगस्टच्या अखेरीस तिला कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर ही प्रसूती अकाली आहे आणि बाळासाठी विशेष कक्ष असलेल्या रुग्णालयात तिला तातडीने न्यावयास हवे, हे कर्मचाऱ्याला क्षणात कळते. तारीखच ठाऊक नसेल, तर हा निर्णय अंदाजावर सोडावा लागतो.

पाळीची तारीख अनेकींना आठवत नाही. परंतु अमावास्या, एकादशी, बाजाराचा दिवस किंवा सण यांच्या आधाराने ती बहुधा काढता येते. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने तिची खातरजमा होते. उशिरा आलेल्या मातांसाठीही भारतीय गर्भांच्या मोजमापांवर आधारलेले सूत्र 'गर्भिणी' प्रकल्पातील संशोधक आणि मद्रासची आयआयटी यांनी २०२४ साली जाहीर केले. मात्र गर्भ जितका मोठा होतो तितका अंदाज ढिला होत जातो. म्हणून १२ आठवड्यांच्या आत नोंदणी होणे हेच श्रेयस्कर.

या कामी ग्रामपंचायत सदस्यांना पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. गावातील प्रत्येक गरोदर मातेची नोंदणी वेळेत झाली काय, माता व बाल संरक्षण कार्डावरील पाळीच्या तारखेचा रकाना भरला आहे काय, याची विचारपूस ग्रामसभेच्या निमित्ताने आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांच्याकडे करता येईल. अवेळी कळा आल्यास कोणत्या रुग्णालयात जावयाचे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पोहोचू शकेल असा रस्ता पावसाळ्यात खुला राहतो काय, हेही आधीच पाहून ठेवावे. कामासाठी किंवा माहेरी परगावी जाणाऱ्या मातेने कार्ड बरोबर नेले पाहिजे.

ऑकलंडच्या कोकरांपासून नागपूरच्या खेड्यांपर्यंत चाललेल्या या संशोधनात हजारो मातांनी आपली माहिती दिली आणि त्यांच्यामुळेच कोणता उपाय केव्हा तारतो व केव्हा मारतो, हे जगाला कळले. त्या ज्ञानाचा लाभ आपल्या गावातील बाळाला मिळावयाचा, तर कार्डावरचा तो लहानसा रकाना कोरा राहता कामा नये.