प्रवेश मिळाला, पण घर आजोबांच्या नावावर

परदेशी बिझनेस स्कूलचा होकार आला की घरात पहिली चर्चा बॅगांची सुरू होते. कुकर तीन लिटरचा न्यायचा की पाच, भाजणी किती द्यायची, थंडीचं जॅकेट इथूनच घ्यायचं की तिथे. साताऱ्याचा, हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण मात्र त्या दिवसांत सिटी सर्व्हेच्या कार्यालयात हेलपाटे घालत होता. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीएसाठी त्याने जानेवारीत, म्हणजे दुसऱ्या फेरीत अर्ज केला होता आणि मार्चअखेर निकाल आला. वर्ग ऑगस्टमध्ये भरणार होते. मधले चार महिने पुष्कळ वाटतात. ते कुठे जातात हे तो आता नव्याने निघालेल्या मुलांना सांगतो, तेव्हा जीमॅटचा विषयही काढत नाही. पहिला प्रश्न असतो, "घर कोणाच्या नावावर आहे?"

प्रश्न चमत्कारिक वाटतो, पण हिशेब पाहिला की उलगडतो. अमेरिकेतल्या नामांकित शाळांची नुसती शिकवणीची फी वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. राहणं, जेवण, विमा धरून दोन वर्षांचा आकडा दोन लाख डॉलर सहज ओलांडतो. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद शाळा देते, पण निदान पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय दाखवल्यावरच. म्हणजे कर्जाचं मंजुरीपत्र आधी, आय-२० नंतर, त्यानंतर साडेतीनशे डॉलरची सेव्हिस फी, मग व्हिसाचा अर्ज आणि शेवटी बीकेसीतल्या वकिलातीची मुलाखत. पहिली कडी अडकली की पुढचं सगळं अडकतं.

त्याची पहिलीच कडी अडकली. घरची सहा एकर बागायत, सगळा ऊस. तेवढ्या जमिनीवर कर्ज मिळणार नाही ही कल्पना वडिलांच्या मनाला शिवलीही नव्हती. बँकेतल्या साहेबांनी सातबारा उलटूनसुद्धा पाहिला नाही. यात त्यांचा उर्मटपणा नव्हता. कर्ज थकलं तर कोर्टाची पायरी न चढता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, पण शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे. जी जमीन सहजी विकता येत नाही, ती शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँकांना सहसा नको असते. फ्लॅट, एनए प्लॉट, मुदत ठेव असेल तर बोला.

राहिलं शहरातलं घर. प्रॉपर्टी कार्ड काढलं तर त्यावर नाव आजोबांचं, आणि आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. वारसनोंद कोणी केलीच नव्हती, कारण कधी गरजच पडली नव्हती. आजी, वडील, एक काका आणि दोन आत्या असे पाच वारस, आणि मुलींचा हिस्सा कायद्याने मुलांइतकाच. वडिलांचं एकट्याचं नाव लागायचं तर बाकी चौघांनी हक्कसोडपत्र करून दुय्यम निबंधकांसमोर सह्या करायच्या. धाकट्या आत्या इंदूरला, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. थोरल्या आत्या साताऱ्यातच, पण त्यांनी सही करण्याआधी भावाला विचारलं, "घर बँकेकडे गेल्यावर आई कुठे राहणार?"

"ताई, घर कुठे जात नाही. कागद जातात."

"आणि पोराने हप्ते भरले नाहीत तर?"

त्या प्रश्नावर घरात कोणाकडे उत्तर नव्हतं. खरं तर तो प्रश्न अर्ज करण्याच्याही आधी जेवणाच्या ताटावर निघायला हवा. भावंडांच्या सह्या मे महिन्याच्या घाईत मागितल्या की मान-अपमान मध्ये येतात. वर्षभर आधी, सणावाराला सगळे एकत्र असताना विषय काढला तर तोच कागद हसतखेळत होतो.

सह्या जमेपर्यंत वेळ नव्हता. त्यामुळे त्याने एका खासगी वित्तसंस्थेकडून विनातारण कर्ज घेतलं, चढ्या व्याजाने, आणि त्या मंजुरीपत्रावर आय-२० मिळवला. घराचे कागद पुढे झाले, वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवालही आला. मग कर्ज सरकारी बँकेकडे वळवलं. मधल्या काळातला व्याजाचा फरक वडिलांनी उसाच्या बिलातून भरला.

दुसरी भानगड नावाची. आपल्याकडच्या अनेक गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं असा क्रम असतो. पासपोर्टावर आडनावाचा रकाना वेगळा. त्याने ऑनलाइन अर्ज गुणपत्रिका समोर ठेवून भरला. परिणाम असा की शाळेच्या दफ्तरी त्याचं आडनाव हेच नाव झालं आणि आईचं नाव आडनाव. आय-२० वरचं नाव पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, म्हणून तो कागद पुन्हा काढावा लागला. त्याच्याबरोबर निघालेल्या कोल्हापूरच्या एका मुलीचं दुखणं आणखी जुनं होतं: पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र हाताशी होतं म्हणून तिचं निभावलं.

नोकरीचं गणितही याच चार महिन्यांत सोडवायचं असतं. आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. व्हिसाआधी राजीनामा द्यायचा तर धाकधूक, नंतर द्यायचा तर ऑगस्ट हुकतो. रिलीव्हिंग लेटर मात्र नीट घ्यावं, कारण अर्जातल्या नोकरीच्या तपशिलाची पडताळणी बऱ्याच शाळा नंतर करून घेतात. आणि वकिलातीचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं: २०२५ च्या मेअखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणंच थांबवलं, जूनमध्ये पुन्हा सुरू केलं ते समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवण्याच्या अटीसह. ज्यांचे कागद एप्रिलमध्येच तयार होते, त्यांना त्या वर्षी कमी झोंबलं.

डॉलरचा विचार फार थोडे जण करतात. कर्ज मंजूर होतं रुपयांत, फी भरायची डॉलरमध्ये, आणि दुसऱ्या वर्षाची फी वर्षभरानंतर. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता; २०२५ च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. तेव्हा नेमक्या खर्चाएवढंच कर्ज मागणं धोक्याचं. थोडं जास्त मंजूर करून घ्यावं आणि लागेल तेवढंच उचलावं. घरच्या पैशांतून वर्षाला दहा लाखांपेक्षा जास्त पाठवले तर बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते. तो पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकलेला असतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून हा टीसीएस नाही. कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत.

परतफेडीचा प्रश्न तिथल्या नोकरीशी बांधलेला आहे, आणि इथे एक तपशील प्रवेशाआधीच विचारून घ्यायचा: अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात धरलेला आहे का? साध्या पदवीवर शिक्षणानंतर बारा महिने काम करता येतं, स्टेम असेल तर आणखी चोवीस. पुढे लागणाऱ्या एच-१बी या कामाच्या व्हिसाची वर्षाची मर्यादा ८५ हजार, त्यातही निवड बरीचशी नशिबावर, आणि सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर कंपनीला एक लाख डॉलर मोजायला लावणारा आदेश. "दोन वर्षांत कर्ज फेडतो" असं घरच्यांना सांगणाऱ्याने हे आकडे त्यांनाही दाखवावेत. पोहोचल्यावर सवड मिळेल याही भ्रमात राहू नये. कन्सल्टिंग कंपन्या पहिल्याच सत्रात कॉलेजच्या दारात उभ्या असतात. केसच्या मुलाखतीची तयारी विमानात बसण्यापूर्वी सुरू केलेली बरी.

दातांचं काम मात्र इथेच उरकावं. तिथल्या विद्यार्थी विम्यात बहुधा दात नसतात, आणि रूट कॅनॉलचं बिल डॉलरमध्ये येतं.

शेवटचा कागद तो आवर्जून करायला सांगतो: वडिलांच्या किंवा आईच्या नावे मुखत्यारपत्र. कर्जाचा पुढचा हप्ता उचलणं, बँकेच्या फॉर्मवर सही, अडलेलं टीसीएसचं पत्र, यासाठी इथे कोणीतरी लागतंच. निघण्यापूर्वी ते एका सकाळीत होतं. राहून गेलं तर तिकडे भारतीय वकिलातीत वेळ घेऊन साक्षांकित करायचं, कुरिअरने पाठवायचं आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं.