मोहाच्या हंगामातील चराई व बैलांच्या खुरांचा दाह

मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत सूरजागडच्या डोंगराभोवतालच्या गावांत पहाटेच माणसे मोह वेचण्यास निघतात. धानाची मळणी उरकलेली असते, बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात व गुरे रानात सोडलेली असतात. गवताची काडी झालेली असल्यामुळे भुकेले जनावर झाडाखालील फुलांवर तुटून पडते. थोड्या फुलांनी अपाय होत नाही; त्या टंचाईच्या दिवसांत तो चांगला आहारच होय. परंतु वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, हे विसरू नये.

गुरांच्या पहिल्या पोटात चारा आंबवून पचविणारे सूक्ष्म जंतू असतात. त्यांना तणस व गवत यांची सवय असते. एकाएकी पुष्कळ साखर किंवा धान्य आले म्हणजे दुसऱ्याच जातीचे जंतू माजतात व दुग्धाम्ल तयार होते. रवंथ बंद पडते, आंबट वासाची पातळ हगवण लागते. खळ्यावरील धान किंवा लग्नातील उरलेला भात खाल्ल्यानेही हेच घडते. हगवण थांबली म्हणजे धोका टळला असे समजू नये. काही दिवसांनी, ज्या नाजूक पडद्यांमुळे खूर आतील हाडास जखडलेला असतो, ते पडदे सुजतात. खूर गरम लागतो; बैल पाठीची कमान करून अवघडून उभा राहतो किंवा उठतच नाही. घरचे लोक खुरात काटा शोधीत बसतात. काटा बहुधा एकाच पायात असतो. येथे दोन किंवा चारही पाय दुखतात, हा भेद ध्यानात ठेवावा.

घोड्यांत हा रोग अधिक प्रसिद्ध आहे. थंड देशांतील कोवळ्या गवतात साखर साठते, आणि तेथील लठ्ठ तट्टे त्यावर चरून लंगडी होतात. म्हणून तेथील लोक चराईचे तास मोजून देतात किंवा तट्टाच्या तोंडास मुसके बांधतात. मुसके आपल्यास नवे नाही. मळणीच्या बैलास ते बांधतातच.

तेव्हा फुले वेचून होईपर्यंत गुरे गोठ्यातच ठेवावीत व तणस खाऊ घालून मगच सोडावीत. गायकीने कळप मोहाच्या दाट झाडीतून नेऊ नये. न्यावाच लागला तर हावऱ्या जनावरास मुसके घालावे. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलली तर ती गुरांच्या तोंडी लागत नाहीत, शिवाय पाचोळा जाळावा लागत नाही व रानातील गवतही वाचते.

जनावराने फार खाल्लेच तर दाणा, कोंडा व पेज तत्काळ बंद करून केवळ कोरडे तणस द्यावे व पशुवैद्यकास बोलवावे. खाण्याचा सोडा उपयोगी पडतो, पण त्याची मात्रा वजनावर अवलंबून असल्यामुळे ती त्यांनीच ठरवावी. नळीने तेल वा काढा बळे पाजू नये. तो फुप्फुसात गेल्यास जनावर दगावते. खुरे दुखत असल्यास बैल मऊ, कोरड्या जमिनीवर बांधावा व जुवाखाली घेऊ नये. खूर महिन्यास सुमारे अर्धा सेंटिमीटर वाढतो; बिघडलेला खूर झिजून नवा येण्यास वर्ष लागू शकते. एप्रिलमध्ये बैल लंगडला असेल, तर रोवणीपूर्वीच्या चिखलणीकरिता दुसऱ्या बैलाची सोय मे महिन्यातच पाहून ठेवावी.