शिवधनुष्य नको, पंचवीस पौंड पुरे

लाकडी धनुष्य घ्यायचं मनात आहे असं कुणी म्हणालं, की मी आधी बजेट विचारत नाही. घरात हुकवाला काटा आहे का, ते विचारतो. प्रवासाच्या बॅगा तोलायला लोक घेतात तो, दोन-चारशे रुपयांत मिळणारा. समोरचा माणूस गोंधळतो. पण स्वस्तातल्या लाकडी धनुष्याच्या खरेदीत फसगत होते ती बहुतेक वेळा ओढीच्या आकड्यात, आणि तो आकडा तपासायला एवढा काटा पुरतो.

आमच्या साताऱ्याकडे तिरंदाजीचं वारं जोरात आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. पोरं मैदानाकडे वळली आणि त्यांना सोडायला येणारे आमच्यासारखे पालकही. स्पर्धेच्या धनुष्याचा सगळा संच लाखाच्या वर जातो. चाळिशी ओलांडलेल्या हौशी माणसाने तेवढे पैसे घालावेत, असं घरात कुणालाच वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग नजर जाते लाकडी धनुष्याकडे. साधं, देखणं, आणि चार-पाच हजारांत बसणारं.

त्यात कमीपणा काही नाही. राजस्थानातले लिंबा राम बांबूचं धनुष्य हाताळतच वाढले आणि १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिक खेळले. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये इंडियन राउंड हा बांबू-लाकडाच्या देशी धनुष्याचा वेगळा गटच असतो. म्हणजे हे धनुष्य खेळणं नव्हे. खेळणं समजून विकणारे मात्र पुष्कळ आहेत.

माझं धनुष्य कुरिअरने आलं. फोटोत होतं तसंच होतं, गडद पॉलिश, मुठीला चामड्याची पट्टी. वर पेनने लिहिलेलं, ‘४० पौंड’. विक्रेत्याला फोनवर उंची सांगितली होती, त्यावर तो म्हणाला होता, “साहेब, तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला चाळीसच हवं, तीस तर बायका-पोरं ओढतात.” हे वाक्य लक्षात ठेवा. तुम्हालाही कुणीतरी ते ऐकवणार आहे. आपल्याकडे शिवधनुष्य पेलण्याची गोष्ट प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते, त्यामुळे जड धनुष्य म्हणजे मर्दानी धनुष्य हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो. विक्रेत्यांना हे नेमकं ठाऊक असतं.

मैदानावरच्या प्रशिक्षकांनी धनुष्य हातात घेतलं, थोडंसं ओढलं आणि काटा मागवला. दोरीला हुक अडकवून नियमाप्रमाणे २८ इंचांपर्यंत ओढलं, तर काट्यावर एकवीस किलोच्या वर आकडा. म्हणजे सत्तेचाळीस पौंड. लिहिलेले चाळीस. नवशिक्यासाठी चाळीसही फार होते. सत्तेचाळीस म्हणजे खांदा दुखावून घेण्याची सोय. तरी हौसेने मी काही दिवस ते ओढलं. त्याचा हिशेब उजवा खांदा अजून अधूनमधून मागतो.

या पौंडांचं गणित नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. धनुष्यावरचा आकडा हा दोरी २८ इंच ओढल्यावर लागणाऱ्या जोराचा असतो. हे अंतर मुठीच्या सगळ्यात खोल भागापासून दोरीपर्यंत मोजायचं आणि त्यात पावणेदोन इंच मिळवून २८ धरायचे, अशी पद्धत आहे. म्हणून घरी टेप लावताना मुठीच्या खोबणीपासून दोरीपर्यंत सव्वासव्वीस इंच झाले, की तिथे काटा वाचायचा. किलोचे पौंड करायला २.२ ने गुणा. आता तुमची स्वतःची ओढ किती? दोन्ही हात आडवे ताणून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. १७० सेंटीमीटर, म्हणजे सदुसष्ट इंच भरले, तर ओढ सत्तावीस इंचांच्या आसपास. प्रत्येक इंचामागे जोर दोन ते तीन पौंडांनी बदलतो. त्यामुळे तीस पौंडांचं धनुष्य पाच फूट चार इंच उंचीच्या बाईंच्या हातात पंचवीसच्या आसपास भरतं, आणि लांब हातांच्या माणसाकडे तेच पस्तीसपर्यंत जातं.

या शेवटच्या वाक्यातच माझ्या धनुष्याचा शेवट आहे. एका उंच मित्राने “बघू रे” म्हणत ते हातात घेतलं आणि आपल्या लांब हातांनी पार कानामागे ओढलं. खालच्या फांदीतून, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या भागातून, कडकन आवाज आला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला, “जास्त ओढलं असणार, लाकडाची गॅरंटी नसते.” त्यात खोटं काही नव्हतं. पण जास्तीत जास्त किती ओढायचं, हे धनुष्यावर नव्हतं, पावतीवर नव्हतं आणि फोनवरही त्याने कधी सांगितलं नव्हतं. काच-तंतूचे थर नसलेलं निव्वळ लाकडाचं किंवा बांबूचं धनुष्य आपल्या मर्यादेपलीकडे एकदाच जातं. ढोबळ हिशेब असा, की धनुष्याची लांबी ओढीच्या दुपटीपेक्षा काही इंच जास्त हवी. २८ इंच ओढायचं असेल तर सहासष्ट-अडुसष्ट इंचांचं धनुष्य. चार फुटी, टोकं वळवलेलं, सोनेरी कड लावलेलं जे काही दिसतं, ते दिवाणखान्यासाठी आहे.

मोडल्यावर पॉलिश खरवडून पाहिलं, तेव्हा आतली गोष्ट कळली. धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. निशाणाकडची बाजू ती पाठ, आपल्याकडची ते पोट. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवरच्या लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग जायला हव्यात. माझ्या धनुष्याच्या रेषा मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत होत्या. तुटलं ते बरोबर तिथेच. गडद रंगाखाली हे दिसायची सोय नव्हती. म्हणून माझा आग्रह असा, की लाकडाचं धनुष्य घ्यायचं तर तेलपाणी केलेलं किंवा पारदर्शक वॉर्निश असलेलंच घ्या. बांबूच्या धनुष्यात बांबूची चकचकीत बाहेरची साल पाठीवर असायला हवी, कारण ताण सोसणारे धागे तिथेच दाट असतात. ती साल तासून गुळगुळीत केली असेल, तर कारागिराने देखणेपणासाठी ताकद घालवली.

हातात घेऊन बघण्याची संधी मिळाली तर कापसाचा बोळा पाठीवरून सावकाश फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे कूस उठली आहे. पोटावर उजेड तिरका पाडून आडव्या बारीक सुरकुत्या आहेत का पाहा. सुरकुती दिसली की धनुष्य खाली ठेवा, किंमत निम्मी केली तरी. दोरी चढवून एका टोकाकडून डोळा लावला, तर दोरी दोन्ही फांद्यांच्या मधोमध दिसायला हवी. नंतर दुसऱ्या कुणाला तरी हळू ओढायला सांगा आणि समोरून वाक बघा. वाक सगळीकडे सारखा पसरलेला हवा. एकाच जागी बिजागरीसारखं मुडपत असेल, तर ते तिथेच मोडणार. खालची फांदी वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवायची रीत आहे, त्यामुळे वरच्या बाजूला दोरीचं अंतर काही मिलिमीटर जास्त दिसलं तर घाबरू नका. दोरी उतरवल्यावर इंचभर वाक राहणं चालतं. तीन इंच राहिला तर लाकूड दमलेलं आहे.

ऑनलाइन घेणाऱ्याला हे करता येत नाही, हे खरं. पण पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ मागता येतो. काट्यावर २८ इंच ओढलेलं धनुष्य, आणि पाठ व पोट दिवसाच्या उजेडात, एवढंच. आणि मर्यादा किती इंचांची, हे मेसेजमध्ये लेखी घ्या. चांगले कारागीर आनंदाने पाठवतात, उलट चार गोष्टी जास्त सांगतात. जो टाळाटाळ करतो त्याचं उत्तर मिळालंच.

हात कोणता, याचाही घोळ होतो. उजव्या हाताने दोरी ओढणारा माणूस धनुष्य डाव्या हातात धरतो, आणि ‘डाव्या हातात धरतो’ म्हटलं की काही विक्रेते डावखुऱ्यांचं पाठवून मोकळे होतात. बाण टेकवायला खाच असेल तर ते एकाच हाताला चालतं. शिवाय खरी निवड हातापेक्षा डोळ्यावर ठरते. दोन्ही तळव्यांत छोटी फट करून दूरची वस्तू पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू दिसत राहते, तो तुमचा प्रमुख डोळा. जमलं तर त्याच बाजूने ओढा.

आता दोरी. साध्या लाकडी धनुष्याला डॅक्रॉनची दोरी हवी. ती थोडी ताणली जाते आणि धक्का शोषते. स्पर्धेतली न ताणणारी आधुनिक दोरी फुकट मिळाली तरी लावू नका, ती टोकांच्या खाचा कापते. दोरी चढवल्यावर तिचं मुठीपासूनचं अंतर मोजायची जुनी खूण म्हणजे मूठ वळून अंगठा उभा करायचा, साधारण सहा-सात इंच. पायात अडकवून दोरी चढवण्याची जी पद्धत सिनेमात दिसते, तिने फांदी पिळवटते; दोन टोकांना बसणारी चढवायची दोरी स्वस्तात मिळते, ती घ्या.

बाणांवर मात्र पैसे खर्च करा. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण नवखा माणूस सगळं बजेट धनुष्यावर उडवतो आणि बाण मिळतील ते घेतो. बाण धनुष्याच्या मुठीला वळसा घालून जाताना लवतो. तो किती लवावा, हे धनुष्याच्या जोरावर ठरतं. या लवचीकपणाला स्पाइन म्हणतात. २८ इंचांवर टेकवलेल्या काडीला मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगल्यावर ती जितकी वाकते, त्याचा तो आकडा. आकडा मोठा तर काडी मऊ. तीस पौंडांच्या धनुष्याला ७००-८०० च्या आसपासचे कार्बनचे बाण साधारण जुळतात, नेमकं बाणाची लांबी आणि टोकाचं वजन पाहून प्रशिक्षक सांगतील. चुकीच्या स्पाइनचे बाण घेऊन माणूस महिनोन्‌महिने स्वतःचा हात सुधारत बसतो. बाण ओढीपेक्षा इंच-दोन इंच लांब असू द्या आणि पिसं खरी घ्या. प्लास्टिकची पाती हातावरून सुटणाऱ्या बाणाला चालत नाहीत. कार्बनचा बाण सोडण्याआधी दर वेळी कानाजवळ किंचित वाकवून पाहा. करकरला तर मोडून टाका, कारण चिरलेला बाण सुटताना फुटून हातात घुसतो.

बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नका. पाहुण्यांच्या हातात धनुष्य देणार असाल, तर हे आधी सांगा. सोसायटीच्या गच्चीवर सराव करू नका.

आपल्याकडच्या हवेबद्दल दोन शब्द. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि सुस्त होतं. एप्रिल-मेमध्ये कोरडं पडून कडकडतं. बंद गाडीत उन्हात ठेवलेलं चिकटवलेलं धनुष्य थरांतून सुटतं. सराव झाला की दोरी उतरवा आणि खोलीत आडवं ठेवा किंवा खुंट्यांवर टांगा. कोपऱ्यात उभं करून ठेवलं, तर महिन्याभरात खालच्या फांदीचा वाक बदलतो. अधूनमधून जवसाचं तेल किंवा मेण एवढी सेवा पुरते.

माझं आताचं धनुष्य सव्वीस पौंडांचं आहे, अडुसष्ट इंची, बांबूचं, पॉलिश नसलेलं. काट्यावर तोलून घेतलेलं. तासभर सराव केला तरी शेवटचा बाण पहिल्यासारखाच सुटतो, खांदा ओरडत नाही. नवशिक्या मोठ्या माणसाने पंचवीस ते तीस पौंडांच्या वर जाऊ नये, वाढत्या वयाच्या मुलांनी तर त्याहूनही हलकं घ्यावं आणि दर वर्षी बदलण्याची तयारी ठेवावी. सहा हजार खर्च करणार असाल, तर निम्म्यात धनुष्य बसवा. उरलेल्यात सहा बाण, हातावरची पट्टी, बोटांचं चामडं आणि जास्तीची एक दोरी. स्पर्धेत उतरायचं मनात असेल, तर त्या गटाचे नियम खरेदीआधी प्रशिक्षकांना विचारा.

आणि भेग पडलेलं धनुष्य फेविकॉल लावून, दोरा गुंडाळून पुन्हा ओढू नका. दुरुस्त झालंय असं सांगून कुणाला विकूही नका. टाकवत नसेल तर भिंतीवर लावा, पण दोरी काढून.