शालीचा काठ आखडतो, मोज्याची टाच विरते

प्रश्न : त्रिकोणी शाल आणि मोजे एकदमच विणायला घेतले आहेत. शालीचा शेवटचा काठ आखडतो. मोज्याच्या टाचेशी दोन्ही बाजूंना भोक राहतं, आधीच्या जोडाची तर टाचच विरली. काय करू?

उत्तर : काठ उसवा आणि टाके बंद करताना जाड सुई घ्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत नंबर वाढला की सुई बारीक होते, म्हणजे १० ऐवजी ८ घ्यायची. शाल खऱ्या लोकरीची असेल तर कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा आणि टाचण्या लावून ताणून वाळवा. जाळी छान उघडते. अ‍ॅक्रिलिकवर मात्र हा उपाय फारसा चालत नाही.

मोज्याकडे जास्त लक्ष द्या. टाचेची पट्टी विणताना सुलट बाजूने एक टाका न विणता उचला, पुढचा सुलट विणा, असं आलटूनपालटून. उलट बाजूने पहिला टाका उचलून बाकीचे उलट. मागे धागा दुहेरी पडतो आणि टाच जाड होते. पट्टीच्या कडेचे टाके उचलताना कोपऱ्यात एक जास्तीचा घ्या. पुढच्या फेरीत तो शेजारच्याबरोबर एकत्र विणला की भोक मिटतं. नुसती मऊ लोकर मोज्यांना टिकत नाही; ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असा धागा निवडा. मोजा पावलाच्या घेरापेक्षा थोडा कमीच विणा, सैल मोजा बुटात घासून लवकर फाटतो.

दोन्ही कामं खुशाल चालू ठेवा.