काही झालं नाही, तरी लिही

पंचवटी, नाशिक

चि. छकुली,


परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, पेशंटला काही झालंच नाही, मग इन्सिडंट फॉर्म कशाला भरायचा?" आयसीयूत लागून तुला जेमतेम तीन महिने झालेत. एवढ्यातच हा प्रश्न पडला ते बरं झालं. फोनवर मी विषय बदलला, कारण त्याचं उत्तर माझ्या एका चुकीत आहे आणि ती मी घरात कुणालाच सांगितलेली नाही.

2021 चा एप्रिल. मी तेव्हा एका कोविड वॉर्डात रात्रपाळीला होते. हेपारिनची नेहमीची व्हायल बाजारात मिळेना, म्हणून स्टोअरने मिळेल त्या कंपनीची आणली. बाटली तेवढीच, झाकणही जवळपास तसंच. पण जुन्या व्हायलमध्ये एका मिलिलिटरला 1000 युनिट असायचे आणि नवीत 5000. पीपीई किट अंगावर, चष्म्यावर वाफ, हातात दोन-दोन ग्लोव्हज. 5000 युनिट द्यायचे म्हणून मी सवयीने पाच मिलिलिटर ओढले. म्हणजे 25000 युनिट! सुई लावण्याआधी लेबल पुन्हा दिव्याखाली धरलं तेव्हा तो आकडा दिसला. सिरिंज टाकून दिली, नवी भरली, देवाचं नाव घेतलं आणि पुढच्या बेडकडे गेले. रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली नाही, की सकाळी ओव्हर देताना एक शब्द काढला नाही. व्हायल त्याच ट्रेमध्ये राहिल्या.

दोन रात्रींनी तोच चुकीचा डोस एका नव्या मुलीने एका आजोबांना दिला. तिने दुसऱ्यांदा लेबल पाहिलं नाही, एवढाच तिच्यात आणि माझ्यात फरक. आजोबांच्या नाकातून रक्त थांबेना, लघवी लाल झाली. डॉक्टरांनी प्रोटामाइन दिलं, रक्त चढवलं आणि आजोबा वाचले. मेमो मात्र त्या मुलीला मिळाला. ती लिनन रूममध्ये बसून रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्या व्हायल मी आधी पाहिल्या होत्या हे तेव्हाही तिला सांगितलं नाही. छकुली, हे मला आजही बोचतं.

त्याच महिन्यात 21 तारखेला रामनवमी होती. काळारामाचं देऊळ भाविकांना बंद होतं, पंचवटीत शुकशुकाट होता. दुपारी नदीपलीकडून बातमी आली. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली होती. पांढरा धूर पसरला, पाइपलाइनमधला दाब पडला आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. जानेवारीतच भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा तान्ही बाळं दगावली होती. नाशिकच्या दुर्घटनेच्या चौकशीला विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. माणसं गेली की समिती बसतेच. माझ्या ट्रेमधल्या व्हायलसाठी मात्र कधीच कुणी बसणार नव्हतं. तिच्यासाठी असतो तो फक्त सिस्टरने लिहिलेला कागद, आणि तो मी लिहिला नाही.

तू लहानपणी पावसाळ्यात माझ्याबरोबर रामकुंडाकडे यायचीस. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पुराचं पाणी लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवायला लागायचे. अजून कुणाच्या घरात पाणी शिरलेलं नसायचं, तरी "कमरेला आलं", "छातीला आलं" हे तोंडातोंडी सराफ बाजारापर्यंत पोचायचं. काही झालं नाही मग सांगता कशाला, असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे लिहिणं म्हणजे चुगली असं समजतात. तसं होऊ नये हे बरंचसं लिहिणारीच्या हातात आहे. वेळ, बेड, काय दिसलं, तू काय केलंस, एवढंच लिही. "निष्काळजीपणा" हा शब्द घालू नकोस, तो निवाडा आहे आणि निवाडा तुझा नाही. "दोन ताकदींच्या सारख्या दिसणाऱ्या व्हायल एका ट्रेमध्ये होत्या" हे वाक्य पुरे. मी ते लिहिलं असतं, तर सकाळी त्या व्हायल वेगळ्या झाल्या असत्या, त्यांवर लाल पट्टी लागली असती आणि त्या मुलीची रात्र सुखाची गेली असती.

वेळ कुठे होता, असं तू म्हणशील. साथीत खरंच नव्हता. वॉर्डातला कागदसुद्धा बाहेर नेता येत नसे. आम्ही चार्ट काचेला आतून लावायचो आणि बाहेरची मुलगी मोबाइलवर फोटो काढायची. चार्टसाठी ही युक्ती सुचली, मग चार ओळींच्या नोंदीसाठी का सुचली नाही? हात रिकामे नसतील तर इंटरकॉमवरून सांग, बाहेरच्या मुलीला लिहून घेऊ दे. किट काढायच्या आधी सांग. आंघोळ करून घरी पोचलं की निम्मं विसरतं आणि उरलेलं सांगायची हिंमत राहत नाही.

औषधाचा दुष्परिणाम वाटला, तर नुसती शंका असली तरी चालते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम देशात 2010 पासून आहे. त्याचा फॉर्म सिस्टरलाही भरता येतो आणि फोन 1800-180-3024 हा आहे. उपकरणांसाठी असाच कार्यक्रम 2015 पासून आहे. तुला सुई टोचली, किटमध्ये चक्कर आली, तर तेही लिही. 2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने 17 सप्टेंबरचा रुग्णसुरक्षा दिन आरोग्य कर्मचाऱ्यांच्याच सुरक्षेला वाहिला होता. आपण पडलो तर पेशंटला कोण बघणार?

कधीतरी तू इन्चार्ज होशील. एखादी नवी मुलगी थरथरत येऊन सांगेल, "सिस्टर, माझ्याकडून होता होता राहिलं." तिला आधी बसव, पाणी दे, सांगितलंस म्हणून शाबासकी दे. मेमोचा कागद त्या वेळी टेबलावर नको. तू एकीला ओरडलीस तर उरलेल्या दहा जणी गप्प बसायला शिकतील.

रविवारी तू येशील तेव्हा त्या मुलीचा नंबर शोधायला मला मदत कर. तिला मला सगळं सांगायचं आहे. आणि उद्या ड्युटीला गेलीस की तुमच्या वॉर्डात इन्सिडंट फॉर्म कुठल्या खणात ठेवतात ते आधी बघून ठेव.

तुझी,
मावशी