गोचीडजन्य तापांत रक्तपेशींचे वाचन

उन्हाळा व पावसाळ्यात गोचिडांचा प्रादुर्भाव वाढला की संकरित गायींत तीव्र तापाचे रुग्ण दिसू लागतात. गाय चारा सोडते, दूध आटते, डोळ्यांची अंतस्त्वचा फिकट पडते. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी आढळते आणि ‘रक्तक्षय’ अशी नोंद होते. वस्तुतः रक्तक्षय हे लक्षण आहे, रोग नव्हे. थायलेरिओसिस, बबेसिओसिस आणि ॲनाप्लाज्मोसिस या तिन्ही रोगांत तो आढळतो. मात्र तिन्हींवरील औषधे भिन्न आहेत. मूळ कारण परजीवी असताना केवळ लोहाचे इंजेक्शन देत राहिल्यास उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात.

लाल पेशींतील बदल

निरोगी प्रौढ गायीच्या रक्तात पेशींचा वाटा साधारणतः २४ ते ४६ टक्के असतो. जनावराच्या शरीरातील पाणी कमी झाले असल्यास हा आकडा फसवा ठरतो व रक्तक्षय झाकला जातो. निरोगी गायीच्या रक्तात अपक्व लाल पेशी जवळजवळ नसतात. पेशींचा नाश झाल्यावर अस्थिमज्जेचा प्रतिसाद रक्तात दिसण्यास सुमारे तीन ते चार दिवस लागतात. त्यानंतर लहानमोठ्या आकाराच्या, निळसर छटेच्या व बारीक निळे ठिपके असलेल्या पेशी दिसतात. हे ठिपके गायीत मज्जा कार्यरत असल्याची खूण आहेत. पहिल्या दोन दिवसांत ते दिसले नाहीत, तर मज्जा निकामी झाली असा निष्कर्ष काढू नये.

परजीवींची ओळख

बबेसिया बायजेमिना लाल पेशीत नासपतीच्या आकाराच्या जोडीने दिसतो. पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, म्हणून लघवी कॉफीसारखी लाल होते. ॲनाप्लाज्मा मार्जिनाले पेशीच्या कडेला एकसंध, गडद गोल ठिपक्याच्या रूपात असतो. बाधित पेशी मुख्यत्वे प्लीहेत नष्ट होतात. त्यामुळे कावीळ दिसते, पण लघवी लाल होत नाही. वर उल्लेखिलेले निळे ठिपके मात्र अनेक असून पेशीभर विखुरलेले असतात. हा भेद न ओळखल्यास बरी होत असलेली गाय रोगी ठरते.

थायलेरिया ॲन्युलाटा प्रथम पांढऱ्या पेशींत वाढतो. लसिका ग्रंथी सुजतात आणि ग्रंथीतून सुईने घेतलेल्या द्रवाच्या लेपात कॉखचे निळे पिंड दिसतात. गायीत पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर सुमारे ४,००० ते १२,००० असतात व त्यांत लिंफोसाइट अधिक असतात; या रोगात एकूण संख्या बहुधा घटते. बऱ्या झालेल्या वाहक जनावराच्या लाल पेशींतही मोजके परजीवी राहतात. म्हणून परजीवी दिसणे एवढ्यावर निदान थांबवू नये. ताप, ग्रंथींची सूज व पांढऱ्या पेशींची घट यांचा एकत्रित विचार करावा.

गोचिडाची साक्ष

स्मिथ व किलबोर्न यांनी १८९३ साली गुरांचा ताप गोचिडांमार्फत पसरतो हे दाखवून दिले. तेव्हापासून रक्त आणि गोचीड यांचा अभ्यास एकत्र करणे हितावह ठरले आहे. लांब मुखांगांचा, पायांवर पट्टे असलेला हायलोमा थायलेरियाकडे निर्देश करतो. आखूड मुखांगांचा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस बबेसिया व ॲनाप्लाज्माकडे. मात्र ॲनाप्लाज्मा चावणाऱ्या माश्या व दूषित सुयांमधूनही पसरतो. अंगावर गोचीड नाही म्हणून तो नाकारता येत नाही.

नमुना घेताना

औषध देण्यापूर्वी कानाच्या टोकाच्या शिरेतून रक्ताचा पातळ लेप घ्यावा. तो हवेत सुकवून मिथाइल अल्कोहोलमध्ये स्थिर करावा. पेशींच्या मोजणीसाठी ईडीटीए नळीत रक्त घ्यावे व अंगावरील गोचीड ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. तापाचा पहिला दिवस व सुजलेल्या ग्रंथी यांची नोंद सोबत द्यावी. निदानानुसार पशुवैद्यक थायलेरियासाठी बुपारव्हाक्वोन, बबेसियासाठी डिमिनाझीन आणि ॲनाप्लाज्मासाठी ऑक्सिटेट्रासायक्लिन यांची निवड करतात. औषधापूर्वी घेतलेली एक काचपट्टी ही निवड अचूक करण्यास साहाय्यभूत ठरते.